रेपोने वाटलेले नंबर

आउलिस रेपोने माझ्या भावाला मारलं, असं आमच्या हाल्सग्रुंड बेटावर लहान मूलही सांगेल. सहा वर्षं मीही तेच सांगत होते, आणि इतरांपेक्षा मोठ्या आवाजात. आता तो माणूसच गेला. मागच्या हिवाळ्यात, तिकडे आतल्या भागात, कुठल्याशा तळ्याकाठच्या गावी. त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं वाटणारी बहुधा मी एकटीच असेन. मला तो कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

उंच, वाकलेला, चष्मा टायच्या टोकाने पुसणारा माणूस. हसल्याचं मी कधी पाहिलं नाही. सरकारच्या रेडिओ खात्यात होता आणि त्याचं काम एकच, किनाऱ्यावरच्या ठाण्यांना वायरलेसचे नंबर वाटायचं. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा एकतीस ठाणी होती. कोळ्यांच्या सोसायट्या, फेरीबोटी, लाकडाची बंदरं, आमच्यासारखी पायलटांची ठाणी. आणि चॅनेल होते फक्त बारा. दोन शेजाऱ्यांना एकच चॅनेल दिला की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरतं, आणि ज्याचं यंत्र जोरकस त्याचंच ऐकू येतं. दुसरा घसा फोडून ओरडला तरी त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून एक चॅनेल दोघांना द्यायचा तर ते दोघे एकमेकांपासून लांब हवेत. किती लांब, ते रेपो ठरवायचा.

मी पायलट ठाण्यावर वायरलेसच्या खोलीत बसायचे. बाहेरून आलेलं जहाज खडकांमधून सांभाळून आत आणून देणं हे आमच्या पायलटांचं काम. त्यांचा म्होरक्या होल्गर, साठीला टेकलेला, मान बैलासारखी. माझा धाकटा भाऊ एवाल्ड पायलटांना बोटीने जहाजापर्यंत नेऊन सोडायचा आणि परत आणायचा. तो मला सरळ नावाने कधी हाक मारायचा नाही. वायरलेसवर सुद्धा, "म्हातारे, ऐकतेस का?" मी तेव्हा चौतीस वर्षांची होते.

एकोणीसशे ऐंशीच्या नोव्हेंबरात रेपो पहिल्यांदा टपालाच्या बोटीने आला. टेबलावर नकाशा पसरला. प्रत्येक ठाण्यावर रंगीत पेन्सिलीने टिकली, एका चॅनेलला एक रंग. खिशातून त्याने पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली. नकाशाच्या मापाने शंभर किलोमीटरची, स्वतः कात्रीने कापलेली. ती एकेका टिकलीवर ठेवून तो दाखवायचा की चकतीखाली तोच रंग दुसऱ्यांदा येत नाही. आम्ही स्वीडिश बोलणारी माणसं आणि तो आतला फिनिश. आमची भाषा शाळेत पुस्तकातून शिकलेला. बोलला की आदेश वाचून दाखवल्यासारखं वाटायचं.

"आपणास बारा क्रमांकाऐवजी नऊ क्रमांक देण्यात येत आहे," तो म्हणाला. "पहिल्या मेपासून."

 बारा नंबर आमचा होता. वीस वर्षं. बोटीच्या कुशीवर पांढऱ्या रंगात हातभर उंचीचा बारा काढलेला होता आणि दर वसंतात तो नव्याने रंगवला जायचा.

"आणि बारा कुणाला?" होल्गरने विचारलं.

"उत्तरेकडे नवीन बचाव ठाणे होत आहे. त्याच्या भोवती पाच ठाणी आहेत. तिथे बसू शकेल असा बाराच उरतो."

"मग नऊ द्या त्यांना."

"नऊ बसत नाही." चकती तिकडे ठेवून त्याने दाखवलं. खरंच बसत नव्हता. पण दाखवायची एक पद्धत असते. हा मुलाला बेरीज शिकवावी तसा दाखवत होता.

"आणि नऊ आधीच कुणाचा आहे?" मी विचारलं.

"लाँगविकच्या लाकडाच्या बंदराचा. क्रेनवाल्यांचा. आपल्यापासून दक्षिणेला एकशे चाळीस किलोमीटर. चकतीच्या बाहेर."

कॉफी झाली. आमच्याकडे पाहुण्याला निदान दुसरा कप घ्यावा लागतो. पहिला कप प्रवासाचा असतो. हवा, बोट, गुरंढोरं, एवढंच बोलायचं. कामाचं जे असेल ते दुसऱ्या कपाला निघतं. आमच्या आजोबांच्या काळात शेतीच्या वाटण्यासुद्धा दुसऱ्या कपालाच झाल्या. रेपोने पहिला कप अर्धा ठेवला, घड्याळ पाहिलं, आभार मानले आणि निघाला.

दार लागल्याबरोबर एवाल्ड उठला, खिशातला रुमाल टायसारखा धरून नसलेला चष्मा पुसू लागला. "आपणास एक मासा देण्यात येत आहे. कृपया काटे मोजून घ्यावेत."

होल्गर हसला नाही. "रेपो म्हणजे त्यांच्यात कोल्हा ना रे? कोल्ह्याला कोंबड्या मोजायला बसवलंय."

फेब्रुवारीत तो परत आला तो मोजमाप करायला. समुद्र गोठला होता. डोक्यावर काठी उभारलेली गाडी घेऊन तो बर्फावरच्या रस्त्याने आला आणि दोन दिवस बेटाभोवती फिरला. लाँगविकच्या लोकांना त्याने सांगून ठेवलं होतं, तासाला दहा मिनिटं बोलत राहा. इथे त्यातलं अवाक्षर ऐकू आलं नाही. येणारच नव्हतं.

कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, ऐकू कधी येतं ते. मे संपताना आणि जूनमध्ये, वारा पडतो, समुद्र अजून बर्फासारखा गार असतो आणि वर ऊबदार हवा येऊन बसते, तेव्हा दक्षिणेची बेटं उभी राहतात. एरवी दिसत नाहीत ती पाण्यापासून सुटून वर उचललेली दिसतात, कधी उलटी, कधी एकावर एक दोन. बेटं उभी राहिली की वायरलेसवर कुठली कुठली माणसं येतात. एकदा तर कुठल्या तरी परदेशी बंदरातला एक जण बायकोला बटाटे आणायला सांगत होता, ते आम्ही अर्धा तास ऐकलं. आमच्या आजी बेटं उभी राहिली की कपडे धुवायला काढायच्या, दोन दिवस हवा टिकणार म्हणून. हे बेटावर कुणी कुणाला शिकवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेपो खोलीत आला. चेहरा थंडीने लाल. पिशवीतून त्याने पिवळा कागद काढला. छापील. स्थानिक परिस्थिती, असं वर लिहिलेलं. मी कॉफी ओतली. पहिला कप.

"आपणास येथील हवेविषयी, मला माहीत असावे असे, काही सांगावयाचे आहे काय?" त्याने विचारलं. पेन काढून तयार.

खोलीत आम्ही चौघे होतो. तो, होल्गर, एवाल्ड आणि मी. होल्गर खिडकीबाहेर पाहत होता. मी होल्गरकडे पाहिलं. पहिल्या कपाला असं विचारतात का कुणी? पण खरं सांगायचं तर कपाचं निमित्त होतं. त्याने दहा कप प्यायले असते तरी त्या दिवशी आम्ही सांगितलं नसतं. आमचा बारा नेणाऱ्या माणसाचं तोंड जूनमध्ये फुटलेलं आम्हाला पाहायचं होतं.

"हवा?" होल्गर म्हणाला. "हवा आहे. भरपूर आहे."

एवाल्डने ओठ दाबले. मग माझ्याकडे वाकून, रेपोला ऐकू जाईल अशा गंभीर आवाजात म्हणाला, "लिही गं म्हातारे. काही नाही."

मी लिहिलं. काही नाही. खाली सही केली, सिग्ने नाब. रेपोने कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला, आणि अर्धा कप ठेवून निघून गेला. एवाल्ड इतका हसला की त्याला ठसका लागला.

एक मे उजाडला. नवीन क्रिस्टल आले. तेव्हाच्या यंत्रात प्रत्येक चॅनेलसाठी नखाएवढा वेगळा क्रिस्टल बसवावा लागायचा. ठाण्याच्या आणि मोठ्या बोटीच्या यंत्रांना पुरेसे आले. हातातल्या लहान संचांना एकेकच आला, नऊ नंबरचा. बाकीचे मागून येतील, असं पत्र होतं. होल्गरने बोटीवरचा बारा खरवडला नाही. राहू दे, ऑक्टोबरमध्ये परत येतोय, म्हणाला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बेटं उभी राहिली आणि क्रेनवाला आमच्या खोलीत शिरला. अगदी टेबलापलीकडे बसल्यासारखा. "खाली, खाली, अजून खाली, थांब. डावीकडे घे. तुझ्या बापाची डावी, माझी नाही." त्याला बोलताना बटण दाबून ठेवायची सवय होती. बोलत नसला तरी दाबलेलंच. मागे क्रेनची साखळी वाजायची आणि तो शिट्टीवर कसलीशी पोल्का नाचाची धून वाजवायचा.

आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू. होल्गरने निळ्या पुठ्ठ्याची एक वही माझ्यापुढे टाकली. "प्रत्येक वेळ लिहायची. तारीख, वेळ, किती मिनिटं. एक शब्द कळवायचा नाही कुणाला. शरदात वही भरली की मी स्वतः वासा शहरातल्या त्यांच्या कचेरीत जाऊन त्याच्या त्या नकाशावर आपटणार आहे."

"होल्गरकाका, फोन केला तर उद्या बदलून देतील," मी म्हणाले. म्हणाले एवढंच.

"उद्या बदलून दिलं तर तो म्हणेल, किरकोळ चूक झाली. मला किरकोळ नको आहे."

मी अक्षर सुंदर काढायचे त्या वहीत. बारा दिवसांत चार पानं झाली. एवाल्ड तर क्रेनवाल्याची नक्कल शिकला. जेवताना माझ्या ताटात मासा वाढताना म्हणायचा, "खाली, खाली, थांब. तुझ्या बापाची डावी."

नऊ जूनला हवा पडलेली होती. पाणी तेलासारखं. दक्षिणेची बेटं दुहेरी दिसत होती. दुपारी एवाल्ड लहान उघड्या बोटीने बाहेरच्या टेहळणीच्या खडकावर निघाला, तिथला एक पायलट उतरवून आणायला. पंधरा किलोमीटर. नेहमीचंच काम. गळ्यात हातातला संच.

दोन वाजल्यापासून क्रेनवाला चालू होता. तिकडे मोठं जहाज भरत असावेत. मी खिडकी उघडी ठेवून मोजे विणत होते. दोन वीसला त्याची शिट्टी क्षणभर तुटली आणि त्या फटीत काहीतरी आलं. खरखर. अर्धा शब्द. मग पुन्हा साखळी आणि शिट्टी. मला वाटलं, लाँगविकचाच कुणी दुसरा मध्ये बोलतोय. मी विणकाम खाली ठेवलं, वही ओढली आणि लिहिलं, "नऊ जून, दोन वीस, क्रेन, सलग, फार जोरात." फार जोरात याच्याखाली रेघ ओढली. मला आठवतं, मला बरं वाटलं होतं.

एवाल्डची बोट पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या ओंडक्यावर आपटून फुटली होती. त्याने बोलावलं. आठ मिनिटं. हे आम्हाला टोर्स्टेनकडून कळलं. तो ग्रोशेर नावाच्या खडकावर सीलच्या मोसमात राहायचा, एवाल्डपासून पाच किलोमीटरवर, मध्ये उघडं पाणी. एवाल्ड जवळ, म्हणून त्याला ऐकू गेलं. त्याने उत्तर दिलं, पण तेही क्रेनखालीच गेलं असणार. त्याच्या बोटीचं इंजिन त्या दिवशी सुटं करून तेलात ठेवलेलं होतं. तो वल्हवत निघाला. पोचला तेव्हा सव्वा तास झाला होता. जूनमधलं आमचं पाणी पाच अंशांचं असतं. एवाल्ड उलट्या बोटीला बांधून घेतलेला सापडला. संच गळ्यात होता.

दफन झालं त्या संध्याकाळी होल्गर माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला. "वही कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"चौकशी होणार आहे."

 आम्ही दोघे सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, गेलो, सौना तापवायची नव्हती तरी चूल पेटवली, आणि मी वही आत टाकली. निळा पुठ्ठा लवकर पेटेना. होल्गरने काठीने दाबून धरला. नंतर तो म्हणाला, "कोल्ह्याने केलंय हे. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. तेच सोयीचं होतं.

पण पिवळा कागद रेपोच्या पिशवीत होता. ऑगस्टपर्यंत मला जेवण गेलं नाही. त्याने तो काढला की सगळं उघडं पडणार. आईला कळणार की आम्ही जाणूनबुजून थट्टा केली आणि त्या थट्टेखाली तिचा मुलगा गेला. आणि सही माझी.

ऑगस्टमध्ये चौकशी वासाला झाली. खात्याचे तीन साहेब समोर. टोर्स्टेनने सांगितलं की त्याने काय ऐकलं. एका साहेबाने विचारलं, नेमके शब्द काय होते. टोर्स्टेनने टोपी हातात फिरवली. "सुरुवातीला जागा सांगत होता. मग नुसतंच, म्हातारे ऐकतेस का, म्हातारे ऐकतेस का. बहिणीला तो असंच म्हणायचा." आई माझ्या शेजारी बसली होती.

मग रेपो उभा राहिला. पिशवी मांडीवरची उचलून हातात धरली. पिशवीच्या तोंडातून पिवळं टोक दिसत होतं. मला दिसत होतं म्हणजे त्यालाही ठाऊक असणार.

"तुम्ही तिथल्या माणसांकडे चौकशी केली होती का?" मधल्या साहेबाने विचारलं. साहेब त्याला वाचवायला पाहत होता, हे मला कळत होतं. एकदा हो म्हण, बाकी आम्ही पाहतो, असा आवाज.

रेपोने माझ्याकडे पाहिलं. दया नव्हती त्या नजरेत. मोजमाप घेतल्यासारखं पाहिलं.

"मी फेब्रुवारीत मोजले," तो म्हणाला. "जूनमध्ये मोजावयास हवे होते. चूक माझी आहे."

"पण काही लेखी..."

"चूक माझी आहे."

त्याला नंबर वाटण्याच्या कामावरून काढलं आणि आत तळ्यांच्या मुलखात टॅक्सीवाल्यांच्या वायरलेसचे परवाने तपासायला पाठवलं. आम्हाला बारा परत मिळाला. होल्गरने तो पुन्हा रंगवला नाही. बेटावर सगळे म्हणाले, बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी मान हलवली.

संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या जूनमध्ये टपालाच्या बोटीतून तो उतरला. पाठीवर तंबू, हातात घडीची खुर्ची, लाकडी पेटीत ऐकायचं यंत्र. रजा काढून, स्वतःच्या खर्चाने. जुन्या दीपस्तंभाखालच्या खडकावर त्याने खुर्ची मांडली आणि दोन आठवडे कानाला यंत्र लावून बसला. कुणी खोली दिली नाही. दुकानात त्याला शिळा पाव मिळायचा. विहिरीवर तो बादली घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, पाणी खराब झालंय, पिऊ नका. पाणी उत्तम होतं. तो अर्धा किलोमीटर चालून झऱ्यावर जायला लागला, आणि मी खिडकीतून पाहायचे.

त्याच्या पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढेही. कुणीतरी तंबूच्या दोऱ्या कापल्या. त्याने गाठी मारल्या. मेंढ्या सोडल्या, त्याने टोपी हलवून हाकलल्या. तिथे बसून तो आम्हाला लाजवतोय, असं मला वाटायचं. सगळ्यांनाच वाटत असावं, कारण जून आला की होल्गर त्या बाजूला फिरकायचा नाही. शेवटी शेवटी होल्गर घराबाहेरच पडायचा नाही. तो पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये गेला आणि वहीची गोष्ट बरोबर घेऊन गेला. आई त्याच्याही आधी गेली होती.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये बेटं उभी राहिली त्या दुपारी मी खडकावर चालत गेले. भांडायलाच गेले होते.

"कशाला येता तुम्ही दर वर्षी?" मी म्हणाले. "काय पाहायचंय? आम्ही रडतो की नाही ते?"

त्याने कानावरचं यंत्र काढलं. चष्मा पुसला. टाय नव्हता, शर्टाच्या टोकाने पुसला. "ऐकावयास येतो," तो म्हणाला आणि वही माझ्यापुढे धरली. सहा वर्षांच्या जून महिन्यांचे आकडे होते. दिवस, तास, कुठलं ठाणं, किती जोरात. मी त्याचं अक्षर पाहिलं आणि माझं आठवलं.

"कागद का दाखवला नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. सहा वर्षांत मी तो शब्द उच्चारला नव्हता.

"कारण खात्याला चूक आपली, बेटावरच्या माणसांची, हवी होती. आपली झाली असती तर नकाशा तसाच राहिला असता. नकाशा बदलावयाचा तर चूक माझी असावी लागते." मग थोडं थांबून, "आपल्यासाठी केले असे समजू नये. मला आपल्याविषयी मुळीच आदर नाही."

"मलाही तुमच्याबद्दल नाही."

"ते ठाऊक आहे. विहिरीचे पाणी मी पहिल्याच वर्षी तपासून घेतले होते."

 तो खाली वाकून खुर्चीखालच्या पिशवीत काही शोधत राहिला. "येत्या मे महिन्यात साऱ्या किनाऱ्याचे नंबर नव्याने वाटले जाणार आहेत. माझ्या जागी आता तरुण मनुष्य आहे. त्याच्याकडे नकाशा आहे, आणि माझी चकती आहे. ती मी मागे सोडली होती, ही आणखी एक चूक. ग्रोशेरच्या नवीन मदत बोटीला तो पुन्हा नऊ देणार आहे. माझे सहा वर्षांचे जूनचे आकडे दाखवले तर खाते म्हणते, सहा वर्षे म्हणजे योगायोग. आणि हा मनुष्य तर पदावरून काढलेला. त्यांना तिथे राहणाऱ्या माणसाचे लेखी हवे." त्याने पिवळा कागद काढला. घड्यांवर झिजलेला. "आपणास येथील हवेविषयी, मला माहीत असावे असे, काही सांगावयाचे आहे काय?"

तेच वाक्य. तोच आवाज. मला त्याला समुद्रात ढकलावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण मी म्हणाले, "इथे नाही. घरी चला."

घरी मी कॉफी ठेवली, वेलदोड्याचा पाव कापला. पहिला कप त्याने अर्धा प्यायला आणि बाजूला सारला.

"तो संपवा," मी म्हणाले. "आणि दुसरा घ्या. आमच्याकडे दुसऱ्या कपाशिवाय कुणी काही सांगत नाही. तुम्हाला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही?"

तो कपाकडे पाहत राहिला. "नाही," म्हणाला. "कॉफीने माझ्या पोटात आग होते." आणि कप पुढे केला.

मी ओतला. मग सांगायला लागले. बेटं कधी उभी राहतात. आधी वारा कुठून पडतो. आजी कपडे कधी धुवायच्या. कुठल्या वर्षी कुठल्या बंदराची माणसं आली, तो बटाटेवाला, सगळं. तो लिहून घेऊ लागला तेव्हा मी पेन मागितलं. पिवळ्या कागदावरचं 'काही नाही' मी खोडायला गेले तर त्याने हात मध्ये घातला.

"खोडू नका. खाली लिहा."

खाली जागा दोन बोटं होती, ती भरली. मग त्याने वहीतली कोरी पानं फाडून दिली. चार वाजता सुरू केलं ते टपालाची बोट भोंगा वाजवायला लागली तेव्हा थांबले. तीन पानं आणि वर थोडं. वहीचंही लिहिलं, निळ्या पुठ्ठ्याच्या, आणि ती कुठे गेली तेही. त्याने उभ्या उभ्या वाचलं, एके ठिकाणी बोट ठेवून थांबला. पोटावर हात दाबून बोटीकडे चालत गेला. आभार मानले नाहीत. मीही धक्क्यापर्यंत गेले नाही.

ग्रोशेरला पुढच्या मे महिन्यात नऊ मिळाला नाही. तेवढंच खात्याने छापलं, बाकी आम्हा दोघांबद्दल कुठे अक्षर नाही. आणि रेपो त्यानंतर कधी बेटावर आला नाही. त्याचं काम झालं होतं.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या पुतणीने एक पाकीट पाठवलं. पाकिटावर त्याच्या हाताने माझं नाव, आत पिवळा कागद आणि त्याला टाचलेली ती पानं. चिठ्ठी नाही. सगळ्यात वर 'काही नाही', फेब्रुवारी, आणि माझी सही. शेवटच्या पानाच्या शेवटी एक ओळ आहे, सौनात जाळलेल्या वहीतली, मी आठवून जशीच्या तशी पुन्हा लिहिलेली, "नऊ जून, दोन वीस, क्रेन, सलग, फार जोरात." फार जोरात याच्याखाली रेघ आहे. तिच्याखालीही माझीच सही आहे.